गुरुजींनी धुतलेली नवी गाडी

हसता हसता चहा सांडू नका, आधीच सांगून ठेवतो. पोरीले पाह्याले पाहुणे येणार, म्हणून आमच्या शेजारच्या गुरुजींले नवी कार चमकवायची होती. प्रेशर वॉशरची गन घ्याले मीही संगं गेलतो.

दुकानदार म्हणे, "गुरुजी, कारले ही पसरट फवाऱ्याची न्या. ती बारीक धारेची ट्रकचा चिखल काढाले असते."

"म्हणजे जोरदार तीच ना?"

मी म्हटलं, "घ्या गुरुजी! आवाजात जोर उरला नाई, हातात तरी राहू द्या."

गुरुजींनी तीच घेतली. सकाळी अगदी जवळून धार मारली अन् बॉनेटचा रंगच सोलला.

पाहुणे गाडीभोवती फिरले. "सेकंडहँड घेतली काय जी?"

वहिनी आतून म्हणाल्या, "नाई जी, नवीच होती. सकाळी यायनं धुतली."