दुकानात एकच तुरटी

माझा जन्म कऱ्हाटीचा, सासर हितं डाळजला. तवा आमच्या वस्तीला गावच्या आडावर पाणी न्हवतं, आय वढ्याचं गढूळ पाणी आणायची आन् घागरीत तुरटी फिरवायची, गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी आमी प्यायचो. लुगड्याचा रंग पक्का कराया तुरटी, दात ठणकला तरी तुरटी, लोक तर नजर काढाया निखाऱ्यावर तुरटी जाळायचे, ते मातुर आमी धम्म घेतल्यापास्नं सोडलं. आन् दाढी! गावातला न्हावी आमच्या माणसांच्या गालाला हात लावत न्हवता, त्याचा तरी काय दोष, लावला असता तर गावानं त्याचंच बलुतं बंद केलं असतं. मग आमच्या दादांनी, म्हंजी वडलांनी, वस्तरा घेतला. लिंबाखाली बसून वस्तीच्या दाढ्या करायचे, मी शेजारी तुरटी धरून, म्होरं वस्तराबी धराया शिकवला. तितंच माझा हात बसला.

लगीन झालं, मालक टेम्पो चालवायचे, लकव्यानं त्यांचा हात गेला, तवा मी रस्त्याच्या कडंला सलून टाकलं. काय सांगू तुमाला, गाव हसलं, बाईमाणूस दाढी करणार व्हय! म्हटलं हसा, दात दिसत्यात तुमचं. पर कुणी फिरकंना, आन् घर तर त्याच खुर्चीवर चालायचं हुतं.

एक दिवस गावातले मोठे बागायतदार आबा आले. नेहमीच्या दुकानाला कुलूप, घरी नातीला बघाया पाव्हणं यायचं, म्हणून आले. ते बसले की गाव बसणार, हे मला ठाव हुतं. त्यांच्या म्होरं नवं पातं घातलं, एक गाल केला, तवर पुटकुळी फुटून रगत आलं. मी तुरटी उचलली, तर आबांनी खिशातनं डबी काढली, म्हणाले थांब, माझी लाव. म्हटलं आबा, रोगराईचं भ्या असंल तर ही उकळत्या पाण्यातनं काढते. न्हाय म्हणाले, तसं न्हाय, तुला कळतंय की.

कळतंय की! न कळाया काय झालं! वस्तरा खाली ठेवला. म्हटलं हितं एकच तुरटी, आमच्या माणसांच्या गालावरनं फिरलेली, चालत नसंल तर उठा. आबा तडकले, टॉवेल फेकला, दारापतुर गेले, एक गाल गुळगुळीत, एकावर फेस. समोर टपरीवरची माणसं चहा सोडून बघाया लागली. खरं सांगते, आता दुकान बुडालं म्हटलं, पर मी हाक मारली न्हाय. आबाच फिरले, बसले, म्हणाले लाव बाई, पाव्हणं येतील.

लावली, चांगली दाबून लावली. आबांनी तोंड वाकडं केलं. झोंबती व्हय आबा, म्हटलं. झोंबती म्हणाले. म्हटलं झोंबू द्या, त्यानंच रगत थांबतं.

आता दर ऐतवारी येत्यात, आमच्या वस्तीतला गडी म्होरं असला तरी नंबरला बसत्यात. मन बदललं का न्हाय, मी इचारत न्हाय, मला त्यांची दाढी भादरायचीय, मन न्हाय. डबी अजून खिशात असती, खिसा फुगलेला दिसतो. असू द्या खिशात, सुखी ऱ्हावा म्हणावं, हितं बाहीर काढायची न्हाय.

तुमचीबी वाढलीया की, भाऊ. लिवणं ठेवा बाजूला आन् बसा खुर्चीत.