मागं बघायचा कॅमेरा

— नाय नाय, तिकडं नको बसू गो बाय. इकडं ये, ह्या उजव्या बाजूला. तिकडून तुझं बोलणं सगळं पंख्यात जातं. कसला पंखा लावलाय तुमच्या शेठनं, भाताच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतंय! हां, आता कसं. बोल, काय विचारत होतीस? रंग? अगो, हमरापूरच्या माणसाला रंग विचारतेस? गणपतीचा कारखाना हाय माझा. वर्षाचे दहा महिने रंगातच बुडलेला असतो — पितांबराचा पिवळा, शेल्याचा लाल, उंदराचा करडा — नि वर गिऱ्हाईक येऊन बोलणार, महिपतीकाका, उंदीर जरा गोरा करा. गाडी पांढरी दे. डोळ्यांना तेवढीच सुटी. आणि अक्षय्य तृतीयेला दारात पायजे, ते आधी लिव. एक दिवस पुढं नाय नि मागं नाय.

आता हा कागद कसला? जास्तीच्या वस्तू. वा! नाव बरोबर दिलंय, जास्तीच्या! म्हंजे कंपनीला पण ठाऊक हाय. गाडीला लागतं काय गो? चार चाकं, एक स्टेअरिंग, एक ब्रेक. बाकी सगळी वरपक्षाची हौस. ही पयली ओळ बघ, टचस्क्रीन. ही आमच्या साईराजची मागणी. मुलगा माझा. रोह्याला कंपनीत हाय, शिफ्टला. मूर्तीला हात लावायचा नाय, गाडीला हात लावायचा नाय, पण मोबाईलवरनं यादी पाठवायची — बाबा, टचस्क्रीन घ्या. बाबा, अलॉय व्हील घ्या. बाबा, ते ॲप घ्या, गाडी कुठं हाय ते घरबसल्या दिसतं. मी बोललो, बाळा, गाडी कुठं असणार? एक तर कारखान्याच्या दारात, नायतर वडखळच्या ट्रॅफिकमधी. त्याला ॲप कशाला? खोड. टचस्क्रीन खोड, ॲप खोड. एसी? एसी पण खोड. गणपती मागं ताडपत्रीखाली घामाघूम नि मी पुढं थंडगार, बरं दिसतं का? मी काय मोठा देवभोळा नाय, पण जनाची तरी लाज हाय.

म्युझिक सिस्टिम? अगो, मी मूर्ती पोचवायला जातो, वरातीला नाय! आमच्या शेजारी निकेश हाय, त्यानं घेतली गेल्या वर्षी सगळी यादी. आतून निळ्या लाईटी लावल्यात. गाडीत बसला की विष प्यालेल्या शंकरासारखा दिसतो. नि गाणी एवढी मोठ्यानं, की — बरं, मला काय त्रास नाय होत, लोकं सांगतात. उलट आमच्याच घरात भांडण. मी टीव्ही लावला की मालू — बायको माझी — ओरडते, अवो, आवाज कमी करा, पार जिते गावापर्यंत जातोय. आता टीव्हीतली माणसंच पुटपुटतात त्याला मी काय करू? पूर्वी बातम्या देणारे कसे खणखणीत बोलायचे! आताच्या पोरी-पोरांच्या तोंडात पीठ भरलेलं असतं. तू पण त्यातलीच, रागावू नको. रोह्याजवळच्या वरश्याची ना तू? वरश्याची माणसं हळूच बोलतात.

टेम्पोचा हौदा मात्र लांबातला लिव. तिथं कंजुषी नाय. मागचा फाळका उंच, आतून फळ्या ठोकून पायजेत. मूर्तीला खाली पेंढा, दोन्ही अंगांना पेंढा, तोंडावर रुमाल. देवाला दचका बसला नाय पायजे. हे खरं सामान, बाकी सगळी — काय? काय बोट ठेवलंस? चष्मा लावतो थांब. मागं... बघायचा... कॅमेरा! हाऽ हाऽ! हे भारी हाय. पुढं बघून चालवायचं जमत नाय लोकांना, नि ह्यांना मागचं बघायचंय!

अगो, मागं बघायला माणूस असतो. तुला ठाऊक नसेल, तुमच्या वरश्यात नवे रस्ते, मोठ्या सोसायट्या. आमच्या आळीत गाडी सरळ नाय आणता येत. हौदा कारखान्याच्या दाराला लागला पायजे, म्हंजे शंभर पावलं उलटी आणायची. डाव्या अंगाला गटार, उजव्या अंगाला उन्हात ठेवलेले गणपती — एकाला धक्का लागला की ओळच्या ओळ गेली. पण मागं माणूस उभा असतो. फाळक्यावर हात ठेवून — येऊ दे, येऊ दे, जरा कापून घे, येऊ दे, येऊ दे... बास! बास बोलला की पाय ब्रेकवर. मागं वळून बघायचं नाय, आरशात बघायचं नाय. चौदा वर्षं असा चाललो मी. एक ओरखडा नाय गाडीला. पुंडलिक असायचा ना मागं, माझा धाकटा भाऊ. गटाराच्या अंगालाच उभा राहायचा कायम, बोलायचा, दादा, पडलो तर मी पडेन, गाडी नको पडायला. नि मूर्तीचे डोळे आखायचा तोच. आख्ख्या हमरापुरात तशी आखणी नाय कुणाची. त्यानं बुबुळ ठेवलं की देव तुझ्याकडंच बघतो — तू दारात जा, खिडकीत जा, तुझ्याकडंच.

आता? आता नाय तो. — मेला नाय गो! तोंड काय केलंस तसं! जित्याला हाय. दुसऱ्याच्या कारखान्यात डोळे आखतो. हमरापूर ते जिते, तोंडातला विडा संपायच्या आत माणूस पोचतो. नाय गेलो मी. आठ महिने झाले. तो पण नाय आला.

हां, कॅमेरा नको तर मग काय दाखवतेस? सेन्सर? मागं काय आलं की टीं टीं वाजतो? नको. स्वस्त हाय? असू दे, नको. काय — ह्या महिन्यात फुकट? फुकट दिलास तरी नको! एकदा नको बोललं की नको. वाजणारं काय पण नको गाडीत. मला... मला किरकिर आवडत नाय. कॅमेऱ्यात कसं, वाजत नाय ना तो? नुसतं दिसतं? असं समोर, टीव्हीसारखं? रात्रीचं पण? हं. — घेतो कुठं बोललो मी! विचारलं. विचारायला पण पैसे पडतात का तुमच्यात?

कोण बोललं मी गाडी ठोकतो? बाहेर जुनी गाडी बघून आलीस वाटतं. बदल्यात द्यायची म्हणून आणली, तर तुमचा तो मेकॅनिक मागंच घुटमळतोय कधीचा, फाळक्यावर बोट फिरवत. त्याला सांग, हे चार पोचे ह्याच वर्षातले, नि चारही वेळा चूक समोरच्याची. म्हंजे मागच्याची. लोकं बांधतात कुठं पण! आमच्या आळीच्या टोकाला गिरजाबाई हाय, तिची न्हाणी — रस्त्यावर आलीय हातभर, पंचायतीला पण ठाऊक हाय. लागली गाडी. पडली भिंत. नशीब, म्हातारी आत नव्हती. बाहेर उभी राहून बोंबलत होती, असं बोलतात. असेल! मला काय ऐकू — मला काय लक्ष नव्हतं. तेव्हापासून आळीत गाडी आणली की बायका पोरांना घरात ओढतात. गंमत करतात गो, दुसरं काय.

पुंडलिकचं काय झालं विचारतेस? कशाला पायजे तुला? फॉर्ममधी रकाना हाय का भावाचा? — सांगतो, त्यात लपवायचं काय हाय. तुमच्या रोह्यालाच झालं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, मंडळाचा गणपती घेऊन गेलो, पाच फुटी. मांडवापर्यंत उलटी घ्यायची होती. पुंडलिक मागं, डाव्या अंगाला. येऊ दे, येऊ दे, ऐकतोय मी, येतोय मी. नि मांडवाच्या खांबाला धाडकन् गाडी! मूर्ती फाळक्यावर आदळली, सोंड तुटून पेंढ्यात पडली. पन्नास माणसं जमली. कुणी बोललं, अपशकुन. कुणी बोललं, दारू प्यालेत. मी खाली उतरलो नि पुंडलिकला बोललो, तोंड शिवलं होतं काय तुझं? बास का नाय बोललास? तर हा बोलतो, दादा, तीनदा बोललो. फाळका पण बडवला.

मी बोललो, गणपतीवर हात ठेव. रागात होतो मी. त्यानं ठेवला. त्या तुटक्या सोंडेवरच ठेवला, नि बोलला, तीनदा बोललो. आता मला सांग, देवाच्या अंगावर हात ठेवून खोटं! मी बोललो त्याला तिथंच, सगळ्यांसमोर, चाळीस वर्षं देवाचे डोळे आखलेस नि त्याच्यासमोर खोटी शपथ घेतलीस, तुझे हात झडतील. व्हय, बोललो. काय चुकीचं बोललो? तो तिथनंच निघून गेला. कुंचले पण न्यायला आला नाय घरी. मालूनं नेऊन दिले.

नि आता घरात रोज तेच. यंदा परदेशी जायचे दोनशे गणपती हायत, अक्षय्य तृतीया झाली की जहाजावर चढायचे. सगळे उभे हायत बिनडोळ्यांचे. पेणहून एक कारागीर आणला, त्यानं दहा मूर्ती आखल्या — देव मोदकाकडं बघतोय का उंदराकडं, ते देवालाच ठाऊक. मालू बोलते, जा, भावाला आणा, चुकलो बोला. मी चुकलो बोलू? मी थोरला हाय! तो खोटं बोलला, मी नाय. तीनदा बोललो म्हणे. तीनदा! अगो, माणूस पाच हातांवर उभा राहून तीनदा ओरडतो नि दुसऱ्याला एकदा पण ऐकू जात नाय, असं होतं का कधी? तूच सांग. शिकलेली हायस. होतं का? — सांग की. — गेली कुठं ही?

अगो! तू ह्या डाव्या बाजूला कधी आलीस? दचकलो ना मी. चहा? चहा घेणार का, ते विचारत होतीस? मग विचारायचं ना. — विचारलंस? किती वेळा?

तीनदा.

नाय, ते... ते पंख्यामुळं. मी आल्यापासून सांगतोय, तुमचा हा पंखा — काय? वर काय दाखवतेस?

बंद हाय. लाईट गेलीय? कधी? सकाळपासून? म्हंजे मी आलो तेव्हा पण — मग बोलायचं ना आधी! गिऱ्हाईकाला कसं बोलायचं, व्हय, बरोबर हाय, गिऱ्हाईकाला कसं बोलायचं. तरीच उकडतंय केव्हाचं. पण मग हा आवाज... ही गिरणी कुठली वाजतेय गो? तुला नाय येत ऐकू? अजिबात नाय? मला तर घरी पण येतो. निजल्यावर पण येतो. मी समजत होतो, निकेशच्या पाण्याचा पंप हाय. दोनदा भांडून आलो त्याच्याशी.

बोलला असेल गो तो. तीनदा बोलला असेल. खरा हात ठेवला त्यानं देवावर नि मी त्याला सगळ्यांसमोर...

नको, चहा नको. पाणी पण नको. तू अशी बघू नको माझ्याकडं, मी काय म्हातारा झालेलो नाय. कागद फाडू नको, ठेव तसाच. कॅमेऱ्यासमोर काय पण लिवू नको. हो पण नको नि नाय पण नको. जित्याला जाऊन येतो आधी. तो दारात तरी घेतो का बघतो. पाया पडायची वेळ आली तर पडेन, काय झिजत नाय माझं. आला मागं उभा राहायला, तर खोड तुझा कॅमेरा. नाय आला — नाय आला तर काय, लिव मग तो कॅमेरा. कुणीतरी पायजेच ना मागं.

चल, ऊठ. जुनी गाडी काढायची हाय तुमच्या आवारातून, नि ती आत घुसवलीय नाकासमोर, म्हंजे उलटीच घ्यावी लागणार. त्या मेकॅनिकला बाजूला कर. तू ये. मागं नको, मागं नको उभी राहू! इथं, माझ्या ह्या उजव्या आरशात दिसशील अशी राहा. नि ओरडू नको उगाच.

नुसता हात दाखव.