काकांची सगळ्यात वरची सही

यारो, आमच्या काकांनी स्वतःचं हॉटेल कसं बुडवायला घेतलं ते ऐका. त्यांचं चहाचं हॉटेल गावातल्या हायवेवर. आता सरकार बायपास काढतंय; तो झाला की बसगाड्या गावाबाहेरूनच जाणार. म्हणून बायपासच्या सरकारी सुनावणीत विरोध करायला त्यांनी मलाही शहरातून, बरकतपुऱ्याहून गावी नेलं. सुनावणीच्या मांडवात सह्यांचा एक कागद फिरत आला. काकांनी तो हिसकावून सगळ्यात वर सही ठोकली.

“काका, तेलुगू वाचता येत नाही तर विचारायचं ना. हा बायपासलगत प्लॉट विकणाऱ्या प्लॉटवाल्यांचा कागद आहे. बायपास लवकर करा, असं लिहिलंय.”

“चुप बैस. कॉलेज सोडलेला मला शिकवतो.”

तेवढ्यात प्लॉटवाल्यांनी येऊन त्यांच्या गळ्यात हार घातला.

“आता तरी पटलं? हार काढा आणि माईकवर नाही म्हणा. हॉटेल जाईल.”

काकांनी हार सरळ केला. “आधी फोटो काढ. विरोध मग करू.”