ठिपकीचं मशीन

न्हाई न्हाई, कुत्रीचं पोट नंतर दाबा, डॉक्टर, आधी माझं ऐकून घ्या — बसा त्या खुर्चीवर, तिचा एक पाय हलतो, भिंतीला टेकवून बसा. करुणानं फोन करून तुम्हाला काय सांगितलं? आईची कुत्री मशीनमधलं खात न्हाई, एवढंच ना? मग बरोबर सांगितलं. मीच तिला तसं सांगितलंय. लेक हाय माझी ती, पुण्यात ऑफिसात असती, तिनंच पाठवलंय हे मशीन — ते बघा बाहेर ओट्यावर, पांढरं, पिठाच्या डब्याएवढं. वरनं खाऊ भरून ठेवायचा, टायमाला खालच्या ताटलीत खुळखुळ पडतो. आता तुम्ही दिवसभर गाई-म्हशींच्या मागं, आन् तुम्हाला मांडवगणला गावठी कुत्रीसाठी यावं लागलं — गल्लीत कळलं तर हसतील बाया. पण आलाय तर बघा, आन् करुणाला एकदा सांगून टाका, हे मशीन ठिपकीला मानवत न्हाई. बास. तुमच्या तोंडचं ती ऐकंल. माझं ऐकत न्हाई.

तशी माझ्यासाठीच करती हो ती. मागं मोरीत पाय घसरून पडले, मनगट मोडलं — हे बघा, अजून भाकरी थापताना कळ येती. तवापासनं तिचं एकच, आई, तू आता इकडंच ये कायमची. मी म्हणलं, ठिपकीचं काय? तिला तिकडं नेता येत न्हाई, जावयाला कुत्र्याच्या केसानं शिंका लागत्यात, डोळे सुजत्यात — माणूस चांगला हाय, त्याचा काय दोष. म्हणलं, मुक्या जिवाला कोण घालंल? झालं! आठवडा गेला न्हाई तर खोकं दारात. आता बोल, म्हणती. रतनबाई सांजसकाळ दार बघंल, पाणी भरंल, खायचं मशीन बघंल. रतनबाईबी लगेच व्हय म्हणली — ही पलीकडची शेजारीण, हिला जन्मात कुणाला न्हाई म्हणता आलं न्हाई, ते आताच कुठनं येणार.

का मानवत न्हाई ते सांगते की. एक तर लाईट. आमच्याकडं लाईटीचा काय भरवसा — काय? सेल बसत्यात त्यात? व्हय, करुणाबी तेच म्हणली. बरं, सेल. पण बिबट्या? तिकडं उसाला लागून घर हाय ना, तिथलं कुत्रं उचललं त्यानं, दिवस मावळताना, माणसं दारात बसलेली असताना. मी हिला अंधार पडायच्या आत घरात घेते, कडी घालते. आन् हे मशीन जेवणाच्या टायमाला वाजणार — मग कुत्री बाहेर धावणार का न्हाई? काय म्हणता? टाइम बदलायचा? उजेड असतानाच लावायचा? ...तसा लावता येतो व्हय. तुम्हीबी करुणाच्याच शाळेतले दिसताय, समद्याला उत्तर तयार. मग मुंग्यांचं सांगा. त्या ताटलीला मुंग्या लागत्यात, ही रांग! — पाण्याच्या परातीत ठेवायची. हं. तेवढं मलाबी कळतं.

तसं न्हाई हो, डॉक्टर. ताटलीत पडलं म्हंजी झालं का? मी भाकरी करते ना, शेवटी परातीला लिंबाएवढं पीठ राहतं, त्याची चानकी करते हिच्यासाठी. एवढीशी भाकरी, तळहाताएवढी. माझी आई करायची, सासूबी करायची — कुत्र्याची चानकी झाल्याशिवाय चुलीवरनं तवा उतरायचा न्हाई. भाकरी थापल्याचा आवाज आला की ही येती, चुलीपासनं हातभर लांब बसती. हाक मारायची गरज न्हाई, तरी मी मारते. यू यू, ठिपके, ये गं. मग चानकी मोडायची, फुंकर घालायची, दुधात कालवायची, तवर ही माझ्या तोंडाकडं बघत राहती आन् मी बोलते काहीबाही. आमचे मालक होते तवा म्हणायचे, तू कुत्रीला वाढती का तिला गाऱ्हाणं सांगती? आता ते न्हाईत, मग गाऱ्हाणं सांगायला तीच राहिली. करुणा म्हणती, मशीनमधी आवाजबी भरून ठेवता येतो. भरला, तरी रोज तेच वाजणार ना. आज काय झालं ते त्यात कुठनं येणार?

बरं, घ्या, दाबा आता. ठिपके, हलू नको. चावत न्हाई ती, तोंड तेवढं मोठं हाय. — काय? बरगडी लागत न्हाई? चरबी? असंल, वयानं होतं. वयानं एवढी होत न्हाई? तुम्ही असं बघू नका माझ्याकडं, डॉक्टर. असं बघितलं की मला सुचत न्हाई काय. ...खाती ती. पहिल्याच दिवशी खाल्लं बयेनं. मला वाटलं, लांबनं वास घेईल, भुंकंल, नखरे करंल — कुठलं काय! मशीन वाजलं आन् ही पळत सुटली, ताटली चाटून पुसून लख्ख. आता तर टाइम व्हायच्या आधीच तिथं जाऊन बसती. मला राग आला होता तिचा, खरं सांगते. म्हणलं, एवढ्या दिवसांची चानकी इसरली, नालायक! आन् सांजच्याला चूल पेटवली तर आली की पुन्हा, बसली हातभर लांब, पोट भरलेलं असून. मग न्हाई कसं म्हणू? तिकडचंबी खाती आन् इकडचंबी. म्हणून ही अशी फुगली. करुणाला मीच खोटं सांगितलं.

तुम्ही म्हणाल, मग जावा की लेकीकडं, अडलंय कुठं? गेले होते ना. हात प्लॅस्टरमधी होता तवा तिकडंच होते. किती करती पोरगी! सकाळी निघायच्या आधी माझं ताट टेबलावर झाकून ठेवणार, मऊ भात, दोन भाज्या, पपई चिरून डब्यात. गोळ्यांचा अलार्म लावणार — वाजला की गोळी. हॉलमधी वर कॅमेरा बसवलाय, दुपारी त्यातनं तिचा आवाज यायचा, आई, जेवलीस का? मी वर बघून म्हणायचे, जेवले. गोळी? घेतली. मग बंद. मग लिफ्ट वर गेली, लिफ्ट खाली गेली, तेवढंच ऐकायचं. नातू क्लासवरनं यायचा तो पेंगत, जावई दमलेला, आन् ती तर जेवता जेवता डोळे मिटायची. तिला आन् कुठं बोलायला लावू? पोट गच्च भरलेलं असायचं माझं, खोटं कशाला बोलू, इथल्यापेक्षा दोन घास जास्तच. पण दिवसभरात तोंड उघडायचं ते एवढंच सांगायला — जेवले. एकदा तर मी त्या कॅमेऱ्याखाली आधीच जाऊन बसले होते, तिचा आवाज यायच्या टायमाला...

असू द्या. काय सांगत होते? हां, इथलं. इथं तरी काय हाय म्हणा. सकाळी विहार झाडायला जाते, तिथं बाया थांबत्यात. पौर्णिमेला खिरीचं पातेलं मीच ढवळते, दुसरीला हात लावू देत न्हाई, त्यावरनं भांडणं होत्यात. रतनबाईशी तर रोजच होतं काहीतरी. पण भांडायला माणूस हाय, डॉक्टर. रात्री अंग टाकलं की वाटतं, आज कुणाशी तरी बोलले.

आन् हे करुणाला कसं सांगू? नाव ठेवावं असं काय केलं न्हाई तिनं. तापात होते तर रात्रभर उशाशी बसलेली पोर ती. तिला म्हणू, तुझ्या घरात मला एकटं वाटतं? मनाला लागंल तिच्या. शिकवलं, मोठी केली, ती आपल्या आईला जपायला बघती, आन् आई तोंड फिरवती? म्हणून कुत्रीचं नाव पुढं केलं. कुत्रीच्या मनाला लागत न्हाई. थकले हो मी, रोज फोनवर नवीन कारण काढून. एवढं करा तुम्ही, एक वाक्य सांगा, मानवत न्हाई — मान का हलवताय? खोटं बोलणार न्हाई? बरं, बोलू नका. मग खरंबी बोलू नका. सांगा, पुन्हा बघायला येतो म्हणून...

आला बघा तिचाच फोन. जेवणाच्या सुट्टीत करते म्हणली होती. घ्या, तुम्ही घ्या. घ्या की, डॉक्टर! हात मागं काय घेताय? ...बरं. राहू द्या.

हॅलो. हां, करुणा. आलेत, समोरच बसलेत. बघितलं त्यांनी. ठणठणीत हाय. खाती ती. — न्हाई, आजपासनं न्हाई, पहिल्या दिवसापासनंच खाती. मी खोटं बोलले. मशीन चांगलं हाय तुझं, टायमाला पडतं, ठिपकीला मानवलंय. — थांब, थांब, गाडी पाठवू नको. ऐक माझं. मला न्हाई मानवत. — मशीन न्हाई गं. तिकडं. तुझ्याकडं राहायला मला न्हाई मानवत. तुझं काय चुकलं न्हाई, बाळा, तू समदं दिलंस. समदं टायमाला दिलंस...

हॅलो?

न्हाई, डॉक्टर, कट न्हाई झाला. ती हाय. मागं तिच्या ऑफिसातली माणसं बोलताना ऐकू येत्यात. तिचाच आवाज न्हाई. तुम्ही निघा आता. निघा म्हणते ना. फाटक तेवढं ओढून घ्या.