उजव्या चौकटीतली खाच

(पोलंडमधलं क्राकूव्ह. यहुद्यांच्या जुन्या वस्तीतलं एक तळमजल्याचं दार, साखळीपुरतं उघडं. आत ऐंशीच्या गेनोवेफाबाई. बाहेर हैफाहून आलेली साठीची पेर्ला.)

गेनोवेफा : आणि हे घर माझ्या नावावर आहे. शिक्क्यासकट. सांगा जाऊन वकिलाला.

पेर्ला : मावशी, वकील कुठनं आला मध्येच? मला घर नकोय. तुमच्या दाराची चौकट पाहायचीय.

गेनोवेफा : आधी चौकट, मग दार, मग आम्ही रस्त्यावर. वरच्या यानिनाकडेही एक गृहस्थ असेच ‘नुसतं पाहायला’ आले होते. तेव्हापासून तिला झोप नाही.

पेर्ला : काय केलं त्यांनी?

गेनोवेफा : काही नाही. जिना पाहिला, रडले, चॉकलेट ठेवून गेले. म्हणूनच तर संशय.

पेर्ला : माझी आई या घरात जन्मली. अठ्ठ्याऐंशीची आहे, खुर्चीतनं उठवत नाही. उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, तिरकी खाच असेल. तिच्यात आजोबांनी डबी ठोकली होती, आत देववचनाची गुंडाळी. येता-जाता बोटं लावायची, ओठांना टेकवायची. आई म्हणाली, माझ्या वतीनं बोटं लावून ये.

गेनोवेफा : एवढंच?

पेर्ला : एवढंच.

गेनोवेफा : पोलिश कुणी शिकवलं तुम्हाला?

पेर्ला : आईनंच.

गेनोवेफा : तरीच. असं जुन्या वळणाचं बोलणारं माणूस शेवटचं पाहिलं ते माझ्या आजीच्या मयताला. थांबा, साखळी काढते.

पेर्ला : इथंच असायला हवी... मावशी, इथं तर नुसता हिरवा रंग आहे.

गेनोवेफा : ईस्टरला बुजवली.

पेर्ला : काय?

गेनोवेफा : लांबी भरली, वर रंगाचे दोन हात. भाच्याकडून. करू काय? पर्यटकांचा एक गाइड ही खाच दाखवायला रोज वीस-वीस माणसं आणायचा. मी आत बटाटे सोलतेय आणि मंडळी रांगेनं माझ्या दारात बोटं घालतायत. एकीनं विचारलं, तुम्ही इथल्या मूळच्याच का? म्हटलं, बटाटे मूळचे आहेत.

पेर्ला : पाऊणशे वर्षं टिकली, आणि या ईस्टरला...

गेनोवेफा : द्या, शिव्या द्या.

पेर्ला : नाही हो. आईला काय सांगू, एवढाच विचार करतेय.

गेनोवेफा : खोटं सांगू नका. आयांना फोनवरही कळतं. ही सुरी घ्या. नको, माझ्याकडेच द्या, तुम्ही लाकूड सोलाल.

पेर्ला : रंग खराब होईल.

गेनोवेफा : भाच्यानं तरी कुठं चांगला दिलाय! ...ही बघा, निघाली. आत जुना तपकिरी रंग आहे अजून. लावा बोटं. सावकाश, मागं कुणी नाही रांगेत.

पेर्ला : (फोनवर) आई, ऐकतेस? आहे. हो, तिरकीच. हो गं, लावली... मावशी, ती विचारतेय, घरात कोण राहतं.

गेनोवेफा : सांगा, गेनोवेफा. एक्केचाळीसच्या मार्चात जर्मनांनी आम्हाला नदीपलीकडच्या घरातून काढलं, तुम्हा यहुद्यांना तिकडे कोंबलं, आम्हाला इथं धाडलं. मी पाच वर्षांची होते.

पेर्ला : सांगितलं. ऐकतेय ती.

गेनोवेफा : आणि सांगा, फडताळात सहा ताटं होती, निळ्या काठांची. माझ्या आईनं ती कागदात गुंडाळून ठेवली, माणसं परत येतील म्हणून. लढाई संपल्यावरही वर्षभर ठेवली.

पेर्ला : मग?

गेनोवेफा : मग आम्ही जेवलो त्यांत. दोन फुटली. अशा बाहेर काय उभ्या, आत या. चार आहेत.