मॉनिटर कोणी मागितला याबाबत

जबाब देणार : पडदेवाली (राहत्या भागात याच नावाने परिचित), वय बावन्न वर्षे, व्यवसाय घरी पडदे व उशांच्या खोळी शिवणे, राहणार बस डेपोमागची इमारत, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

मयताच्या थोरल्या भावाने दिलेल्या तक्रारीवरून मला या ठाण्यात बोलावण्यात आले. मी स्वतः हजर राहून, कोणाचाही दबाव नसताना, विचारलेल्या गोष्टींबाबत सांगते ते असे :

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती ट्रक चालवत. ते घाटातल्या अपघातात वारले. मुलगी लग्न होऊन परगावी असते. तिचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे राहिला. त्यावर मी ट्रक चालवण्याचा गेम खेळते. त्यासाठी टेबलाला आवळून बसवायचे स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायची पेडल मी विकत घेतली आहेत. शिलाई मशीनही त्याच टेबलावर आहे. या वयात हा खेळ कशासाठी, असे साहेबांनी मला विचारले. रस्ता बघायला बरा वाटतो, एवढेच सांगते.

या गेममध्ये निरनिराळ्या गावची माणसे आपापल्या घरी बसून एका रांगेत ट्रक चालवतात आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात. मयत इसमाशी माझी ओळख तिथेच झाली. त्याला सगळे कासव म्हणत, कारण रस्ता मोकळा असला तरी तो वेगमर्यादा ओलांडत नसे. मीही हळूच चालवते. त्यामुळे बाकीचे पुढे निघून जात आणि मागे आम्ही दोघेच उरत असू. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचे काम करी. लग्न झालेले नव्हते. आईबरोबर राहत असे. तो मला मालकीणबाई म्हणे. मी त्याला कधी प्रत्यक्ष पाहिलेले नाही.

आमच्यात काय बोलणे होई, असे विचारल्यावरून सांगते. बहुतेक यंत्रांचेच. माझ्या कॉम्प्युटरचा पडदा मधूनच काळा पडायचा. दुकानदार म्हणाला होता, नवीन घ्या. कासवाने मला फोनवर डॉक्टर विचारतो तसे विचारत नेले. केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का, दुसरी केबल लावून पाहिली का, पडदा काळा पडतो तेव्हा घरात आणखी काय चालू असते. शेवटी कळले की विजेच्या शिलाई मशीनचे पेडल दाबले की पडदा जातो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होती. तो म्हणाला, "मालकीणबाई, तुम्ही तिकडे शिवण घालता आणि इकडे तुमच्या ट्रकचे डोळे मिटतात." मशीन वेगळ्या प्लगला लावल्यावर पडदा परत कधी गेला नाही.

त्यानंतर त्याने एक प्रोग्राम दोघांच्याही कॉम्प्युटरवर बसवला. त्यातून एकाला दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून अडचण सोडवता येते. मी त्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला परवानगी त्यानेच दिलेली होती. तक्रारीत "परक्या बाईने कॉम्प्युटर ताब्यात घेतला" असे लिहिले आहे, त्याबाबत माझे म्हणणे एवढेच आहे.

मॉनिटरबाबत सांगते. तो जुना, मागे फुगीर पाठ असलेला, काचेच्या ट्यूबचा मॉनिटर होता. वडिलांच्या वेळचा, माळ्यावर पडलेला. मयताची आई पूर्वी त्यावर विटा रचण्याचा एक साधा गेम खेळत असे. वरून विटा पडतात आणि खाली त्या नीट बसवायच्या, असा. मयत लहान असताना दोघे आळीपाळीने खेळत. अलीकडे त्याने तोच गेम नव्या सपाट पडद्यावर आईंना लावून दिला. त्या थोडा वेळ खेळल्या आणि उठल्या. म्हणाल्या, "या विटा खोट्या वाटतात रे. त्या कशा पडायच्या, ते डोळ्यांत बसलंय माझ्या." हे मला त्यानेच सांगितले. तो म्हणाला, "आई चुकत नाहीये. जुनी काच आणि नवी काच यात फरक असतोच, मी रोज काचाच बघतो." त्या दिवसापासून त्याने जुना मॉनिटर चालू करायचे मनावर घेतले. आईंना त्याने सांगितले नव्हते. एकदम समोर ठेवायचा होता.

मॉनिटर चालू व्हायचा, पण पूर्ण चित्राऐवजी मधोमध एक आडवी पांढरी रेघ दिसायची. केबल बदलून, सेटिंग बदलून त्याने सर्व करून पाहिले. बिघाड आत आहे हे दोघांच्याही लक्षात आले. मी म्हटले, "आतलं काम जाणत्या माणसाला दे." तो म्हणाला, "हल्ली याला हात लावणारा कुणी राहिलाय का? दोघांना विचारलं. दोघेही हसले."

घटनेच्या दिवशी रविवार होता. दुपारची जेवणे झाल्यावर आम्ही दोघे हेडफोनवर होतो. त्या दिवशी ट्रक चालवले नाहीत. तो टेबलावर मॉनिटर उलटा ठेवून काम करत होता आणि काय करतोय ते मला सांगत होता. मी खोळी शिवत होते. मॉनिटरचा प्लग काढलेला होता. आत एका जागी तारेवरचा कथलाचा डाग सुटलेला दिसला, तो त्याने परत जोडला. मग म्हणाला, "एकदा सरळ ठेवून वीज देऊन बघतो, रेघ उघडून चित्र येतं का." मी म्हटले, "आधी मागचं झाकण लाव." तो म्हणाला, "लावतो हो. उघडली की लगेच लावतो."

मग तो हसला. म्हणाला, "उघडली! मालकीणबाई, उघडली! जरा वरची बाजू ओढलेली आहे, तेवढी आतून जुळवतो..." पुढचे बोलणे झाले नाही. चट्ट असा आवाज आला. खुर्ची पडली. त्यानंतर फक्त मॉनिटरची गुणगुण ऐकू येत होती.

मी हाका मारल्या. उत्तर आले नाही. माझा आवाज त्याच्या हेडफोनमध्येच जात होता, घरात कोणाला ऐकू जात नव्हता. त्याचे खरे नाव, घर कुठे आहे, मला काहीच माहीत नव्हते. म्हणून मी त्या प्रोग्रामने त्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले. आवाज हेडफोनऐवजी बाहेर काढण्यासाठी पहिला पर्याय निवडला. तो सपाट पडद्याचा निघाला, त्याला भोंगे नव्हते. दुसरा निवडला, तो स्पीकरचा होता. आवाज पूर्ण वाढवला. त्याच्या आईंचे नाव मला माहीत नव्हते, तो त्यांना आई म्हणत असे. म्हणून मीही "आई, आई" अशाच हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या.

त्या आतल्या खोलीत झोपल्या होत्या. काठीचा आवाज आला. हेडफोन मयताच्या मानेजवळ पडला असावा, त्यामुळे त्यांचे बोलणे लांबून पण ऐकू येत होते.

"कोण बोलतंय? अरे, हा असा काय पडलाय?"

मी म्हटले, "आई, त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. त्याला शॉक लागलाय."

त्या म्हणाल्या, "तू ती ट्रकवाली ना?"

मी म्हटले, "हो. आधी मेन स्विच."

त्यांनी तो बंद केला. कॉम्प्युटर, स्पीकर आणि इंटरनेटचा डबा बॅटरीवर होते, म्हणून बोलणे तुटले नाही. बॅटरी टीं-टीं वाजू लागली. मी त्यांना पत्ता विचारला आणि माझ्या मोबाइलवरून रुग्णवाहिकेला कळवला. गाव दुसरे असल्याने तिथल्यांनी फोन पुढे जोडून दिला. मग आईंना छातीवर दोन्ही हातांनी दाबायला सांगितले. गुडघ्यांवर बसल्याचे त्यांनी सांगितले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्या हातांत जोर नाही गं." मी त्यांना दार उघडून शेजाऱ्यांना हाक मारायला सांगितले. समोरचे गृहस्थ आले आणि त्यांनी दाबायचे काम घेतले. मी त्यांच्यासाठी मोठ्याने आकडे मोजत राहिले. माझा मोबाइल नंबरही त्यांना सांगितला.

आई त्याच्या डोक्याशी येऊन बसल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज जवळून येऊ लागला. त्या म्हणाल्या, "हे जुनं धूड याने कशाला उघडलं गं? कुणासाठी?"

मी म्हटले, "माझ्यासाठी. मी मागितला होता."

थोड्याच वेळात बॅटरी संपली आणि आवाज गेला.

संध्याकाळी समोरच्या गृहस्थांचा फोन आला. दवाखान्यात पोहोचण्याआधीच सगळे संपले होते, असे त्यांनी सांगितले. अंत्यविधीला मी गेले नाही. मला तसे कोणी कळवले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी हातातले पडदे पुरे करून गिऱ्हाइकाला दिले.

मयताच्या थोरल्या भावाने तक्रार दिली आहे की, माझ्या हौसेपायी, माझ्या सांगण्यावरून मयताने मॉनिटर उघडला आणि त्यात त्याचा जीव गेला. आपल्या आईने आपल्याला तसे सांगितले, असे त्यात लिहिले आहे. आईंनी खोटे सांगितलेले नाही. मीच त्यांना तसे म्हटले होते. परंतु ते खरे नाही. मी मॉनिटर मागितला नव्हता. तो कोणासाठी दुरुस्त होत होता, ते वर लिहिले आहे. आईंनीही तो मागितला नव्हता. विटांबद्दल त्या सहज बोलून गेल्या होत्या.

मग त्या वेळी खोटे का बोललात, असे साहेबांनी विचारले. पोरगा समोर पडलेला असताना त्या बाईला खरे सांगायला माझी जीभ उचलली नाही. पुरावा काय, असेही विचारले. पुरावा नाही. बोलणे आमच्या दोघांत झाले होते.

ठाण्यात जबाब देताना खोटे सांगू नये म्हणून मी हे सांगितले आहे. मात्र माझी विनंती आहे की, हा जबाब मयताच्या आईंना वाचून दाखवू नये. त्यांच्या मनात माझ्याविषयी जे आहे ते तसेच राहिले तरी माझी हरकत नाही.

यावर साहेबांनी बाहेरच्या बाकावर बसलेल्या तक्रारदार भावाला आत बोलावले आणि विटांचा व मॉनिटरचा भाग त्याला माझ्यासमोर वाचून दाखवला. तो उभाच होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "फोनवर आई मलाही म्हणाली होती. नव्या पडद्यावर ते पूर्वीसारखं दिसत नाही म्हणून. मी म्हटलं, सवय होईल." मग तो खाली बसला. हवालदारांनी त्याला पाणी दिले. ते त्याने हातातच धरले.

तो साहेबांना म्हणाला, "तक्रार मागे घ्यायची आहे. आई पहिल्यापासून नको म्हणत होती. म्हणाली, तिने मागितला असेल तर तो देणारच होता, त्यात तिचा काय दोष. मीच ऐकलं नाही." साहेबांनी त्याला त्यासाठी वेगळा अर्ज द्यायला सांगितले.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "मी गावोगाव हिंडलो, घरी नसायचोच. शेवटची काही वर्षं तो आमच्यापेक्षा तुमच्याशी जास्त बोलला. आई रोज विचारते, गाडी चालवताना तो काय बोलायचा? मला सांगता येत नाही. तुम्ही याल का?"

मी येते म्हणाले. येत्या रविवारी जाणार आहे. हा भाग गुन्ह्याशी संबंधित नाही, तो गाळू का, असे हवालदारांनी विचारले. गाळू नका, असे मी सांगितले.

वरचा मजकूर हवालदारांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून ऐकवला. "अनोळखी इसम" असे एके ठिकाणी पडले होते, ते माझ्यासमोर खोडून तिथे "मयत" असे केले. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही केली आहे.