आक्काची दोनदा भाजलेली बिस्किटं

...न्हाई, पावणं, तुम्हीच सांगा, गप बसायचं की न्हाई मी? आक्का, माझी थोरली बहीण, मैदा, डालडा, पिठीसाखर सगळं घरचं घेऊन जाऊन बेकरीत बिस्किटं भाजून आणल्याली. कशासाठी? तर तिची नात संघप्रिया संध्याकाळच्या गाडीनं दिल्लीला शिकायला चालल्याली! डबा उघडला आणि काय वास सुटला म्हणता... दुसरा कुणी आसता तर चार तोंडात टाकून ‘झ्याक!’ म्हणला आसता. पण मी पडलो इंग्रजीचा रिटायर मास्तर!

म्हटलं, “आक्का, बिस्किट हा शब्द मूळचा लॅटिन. बिस म्हंजे दोनदा, कॉक्टस म्हंजे भाजलेलं. तितनं फ्रेंचांनी उचलला, त्यांच्याकडनं इंग्रजांनी. तुझी तर एकदाच भाजल्यात, मग ही कसली बिस्किटं?” आणि हसलो. एकटाच! गप बसायचं की न्हाई मी?

तुम्हाला सांगतो, तिनं चौथीत शाळा सोडली ती माझ्यापायी. ती लोकांच्या रानात भांगलायला गेली म्हणून मी वर्गात बसलो. आजबी मी शिंकलो तरी तिला वाटतंय, ह्यात कायतरी ज्ञान आसणार!

“जरा जाऊन येतो रं, धम्मा,” म्हणाली आणि डबा काखेत मारून गेली की परत बेकरीत! मला हे मागनं कळलं, बेकरीवाला जोतीराम पोटतिडकीनं सांगतोय, “आवो मावशी, कोळसा हुईल त्याचा!” आणि ही त्याच्यावरच वरडतीया, “तुला काय कळतंय रं? माझा भाऊ मास्तर हाय. घाल भट्टीत!”

घातली. त्यानं तरी काय करायचं?

आली तवा तोंड एवढंसं झाल्यालं. डब्यात बघवंना. संघप्रिया बिचारी म्हणतीया, “ऱ्हाऊ दे आज्जी, अशीच न्हेतो मी,” आणि माझा जीव नुसता तुटतोय, धरणी पोटात घेईल तर बरं! गप बसायचं की न्हाई... पण आता गप बसून चालंना. धीर केला. म्हटलं, “आक्का, चूक माझी हाय. ते नुसतं शब्दाचं मूळ होतं गं. आताची बिस्किटं एकदाच भाजत्यात.”

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हटलं, आता शिव्या दील, दोन थोबाडीत दील, मी सुटीन! तर माझ्याच पाठीवरनं हात फिरवत काय म्हणती?

“तू कशाला चुकशील, बाळा? त्या जोतीरामालाच लॅटिन येत न्हाई!”